मधली अक्षरं कशीही चालत नाहीत, आणि केंब्रिजने तसं सिद्धही केलेलं नाही

माझ्या मावसबहिणीने पहिलीतल्या लेकीची बाराखडी बंद केलीय. कारण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज: केंब्रिज युनिव्हर्सिटीने म्हणे सिद्ध केलंय की शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही चालतात, मेंदू अख्खा शब्द चित्रासारखा वाचतो, म्हणून मुलांना अक्षरं, बाराखडी, स्पेलिंग शिकवण्यात वेळ घालवू नका, नुसती शब्दांची फ्लॅशकार्डं दाखवा. फोनवर सांगून तिला पटेना, म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी केंब्रिज. हा मेसेज २००३ पासून इंग्रजीत फिरतोय. मेंदूला भाषा कशी कळते यावर केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी तेव्हाच त्याची चौकशी केली, तर असं संशोधन तिथे कुणी केल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून सविस्तर लिहिलं. याच्या जवळ जाणारं जुनं काम सापडतं ते ग्रॅहम रॉलिन्सन यांचा १९७६ चा पीएचडी प्रबंध, आणि तोही नॉटिंगहॅम विद्यापीठाचा. मेसेजमधला अक्षरं उलटसुलट केलेला इंग्रजी नमुना आपण भराभर वाचतो कारण त्यातले दोन-तीन अक्षरी शब्द बदलताच येत नाहीत, आणि पुढे काय येणार याचा अंदाज आपल्याला असतो. आणि फुकटात काहीच होत नाही. २००६ मध्ये वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा मधली अक्षरं उलटसुलट केल्यावर वाचायचा वेग ११ टक्क्यांच्या आसपास घटला, सुरुवातीची केल्यावर ३६ टक्के. हे वाचायला मुरलेल्या मोठ्या माणसांचं. ज्या पोरीला अजून वाचताच येत नाही तिला हा नियम कसा काय लावता?

आता सगळ्यात घातक मुद्दा, अक्षरं सोडा आणि चित्र दाखवा. पहिलीच्या पुस्तकातले शब्द बघा, मगर, मखर, मटर. पहिलं म, शेवटचं र, मध्ये एकच अक्षर, आणि सगळा अर्थ त्या एकात. त्याहून सरळ उदाहरण आपल्या लोकलमध्ये आहे. मालाड आणि मुलुंड. दोन्हीत म, ल, ड, त्याच क्रमाने. फरक फक्त काना, उकार आणि अनुस्वाराचा, म्हणजे नेमकं जे बाराखडीत शिकवतात तेच, आणि तेवढ्यावर तुम्ही वेस्टर्नला जाता की सेंट्रलला हे ठरतं. इंग्रजीतही हाउस आणि हॉर्स घ्या, दोन्ही पाच अक्षरी, दोन्ही एचने सुरू आणि ईने संपणारे, मधलं एकच अक्षर वेगळं. चित्रासारखे शब्द पाठ केलेलं मूल इथे अंदाज मारतं, आणि घरच्यांना वाटतं की वा, वाचायला लागलं. जो शब्द कार्डावर नव्हता तो समोर आला की तोंडाकडे बघत बसतं, कारण आवाज आणि अक्षर यांची जोडी त्याला कुणी लावूनच दिलेली नाही. ती जोडी लागली की न पाहिलेला शब्दही वाचता येतो, आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा फोडून वाचला की मग तो एका नजरेत ओळखू येतो. मेसेजने शेवटची पायरी पहिली करून टाकलीय.

एक गोष्ट मान्य करते, करावीच लागेल. क का कि की नुसतं सुरात म्हणवून घेणं म्हणजे वाचन नाही. सुरात सगळी बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला मधलाच "कु" दाखवला तर अडतं, हे खरंय. आणि इंग्रजीतले "वन", "सेड" असे थोडे आडमुठे शब्द बरेचसे लक्षातच ठेवावे लागतात. पण त्यावर उपाय म्हणजे बाराखडी नीट शिकवणं, रोज थोडे शब्द फोडून-जोडून वाचून घेणं, बंद करणं नव्हे.

"मराठी जसं बोलतो तसंच लिहितो, त्यात शिकवायचं काय" हेही अर्धवट आहे. चमचा आणि चहा यातला च एकच लिहितो, बोलताना वेगळा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण उच्चारायची नंतर, रफार तर पुढच्याच अक्षराच्या डोक्यावर. हे मुलाला दाखवावं लागतं, आपोआप कळत नाही.

राहिलं ऑटोकरेक्ट, म्हणजे चुका फोनच सुधारेल, मग स्पेलिंग, ऱ्हस्व-दीर्घ कशाला शिकवायचं, हे म्हणणं. दिन आणि दीन, सुत आणि सूत, दोन्ही बरोबर शब्द आहेत, फोन कशाखालीही लाल रेघ मारणार नाही. कुठला हवा होता ते लिहिणाऱ्यालाच माहीत असावं लागतं.