‘ई. कोलाय म्हणजे ई. कोलाय’: तीन थापा, एक अर्धसत्य

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पावसाळ्यात एक मेसेज हमखास फिरतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, घरोघरी भरून ठेवलेली पिंपं, कुणाच्या तरी पोराला जुलाब, की आलाच मेसेज. यंदा तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली मलाच विचारलं, "सर, तुम्ही मायक्रोबायोलॉजी शिकवता, खरं हाय का ओ हे?"

मेसेज म्हणतो: ई. कोलाय (आतड्यात राहणारा जिवाणू) सगळे सारखेच, आपल्या पोटातलेच. त्याचा जिनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, 1997 सालीच वाचून झालाय, परत वाचणं म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. जंतूंची उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आणि जुलाबाला सिक्वेन्सिंग, म्हणजे हे जिनोम वाचणं, लागतच नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण ते बरंचसं खरं आहे. पोराला ओआरएस पाजायला जिनोम कशाला हवा? सिक्वेन्सिंगचा उपयोग साथीचा माग काढायला जास्त.

‘सगळे सारखेच’ ही मात्र शुद्ध थाप. 1997 साली वाचला तो के-12 या स्ट्रेनचा (वाणाचा) जिनोम, सुमारे 46 लाख अक्षरांचा. के-12 म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, अगदी माणसाळलेला गडी. 2001 साली ओ157:एच7 हा घातक स्ट्रेन वाचला, तर तो निघाला सुमारे 55 लाखांचा, आणि त्यात के-12कडे नसलेली 1,387 जनुकं. मूत्रपिंडं निकामी करणाऱ्या शिगा विषाची जनुकं त्यातच. तीही मूळची नव्हेत, बॅक्टेरियात घुसणाऱ्या विषाणूंनी आणून टाकलेली. उलट 1917 साली जर्मन डॉक्टर नीसल यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला ई. कोलाय आजही औषध म्हणून देतात. मॅकॉन्की अगारवर (जंतू वाढवायच्या एका जेलीवर) हे तिघेही गुलाबीच दिसतात. प्लेट बघून कोण कसला हे माझे विद्यार्थी सांगू शकत नाहीत, आणि मीही नाही.

मग पुन्हा वाचायचं कशाला? 2011 साली जर्मनीत काय झालं ते बघा. जवळजवळ चार हजार लोक आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू. आधी संशय काकडीवर गेला. शेवटी माग निघाला मोड आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. (आपल्याकडे मेथीला मोड आणून उसळ करतात, म्हणून हे वर्गात सांगितलं की पोरं दचकतात.) ओ157 सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) आंबवत नाही, या खुणेवर त्याला पकडतात. हा नवा जंतू, ओ104:एच4, सॉर्बिटॉल आंबवत होता, म्हणजे त्या चाळणीतून सुटणारा. काही दिवसांत जिनोम वाचला तेव्हा उलगडा झाला: आतड्याला चिकटून बसणारा एक निराळाच ई. कोलाय, आणि त्याला विषाणूकडून मिळालेलं शिगा विष. 1997चा जिनोम उघडून बसलं असतं, तर त्यात हे सापडलंच नसतं.

आता उत्क्रांती. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 साली एकाच ई. कोलायपासून बारा वंश सुरू केले. रोज नव्या फ्लास्कमध्ये थोडे थोडे टाकायचे, दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. फ्लास्कमध्ये ग्लुकोज होतं, सायट्रेटही (लिंबातल्या आम्लाचा क्षार) होतं. ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला आपण ‘सायट्रेट निगेटिव्ह’ लिहितो ते हेच. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर बारांपैकी एका वंशाला ते खाता येऊ लागलं. गोठवलेले नमुने सिक्वेन्स केल्यावर कारणही दिसलं: सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची आणखी एक प्रत झाली होती, आणि ती ऑक्सिजनमध्येही चालू राहणाऱ्या स्विचशेजारी येऊन पडली होती. ‘कुणी पाहिलं’ याचं उत्तर फ्रीजरमध्ये आहे.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. काकांचा अंगठा आला, मागोमाग प्रश्न: "ते ऱ्हाऊ द्या सर, पिंपातलं पाणी उकळायचं का न्हाई?"

उकळा, काका. उकळत्या पाण्यात यातला एकही स्ट्रेन टिकत नाही.