"गोळ्या सोड, प्राणायाम कर" असं कुणाला सांगू नका, प्लीज

21 जून आला की सगळ्यांच्या स्टेटसला सूर्यनमस्कार दिसतात, छान वाटतं बघून. पण मला बोलायचंय ते पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींबद्दल, जी अभ्यासिकेत 12-12 तास बसतात आणि घरून फोन आला की "हो गं आई, बरंय सगळं" म्हणतात. 4 वर्षं मी त्यातलीच एक होते.

दुसऱ्यांदा मेन्स गेली आणि मला रात्री-अपरात्री धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, घसा कोरडा, वाटायचं आता संपलं. ईसीजी नॉर्मल. शेवटी रूममेट ओढतच मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, काउन्सेलिंग सुरू झालं, आणि जोडीला योग करून बघ हे त्या डॉक्टरांनीच सांगितलं.

क्लासच्या मॅडमनी पहिल्या दिवशी एकही अवघड आसन घेतलं नाही. पाठीखाली सोलापुरी चादरीची घडी, डोळ्यांवर ओढणी, आणि एवढंच, की श्वास 4 मोजून घे, 6 मोजून सोड. सावकाश सोडला की ठोके जरा मंदावतात, ते आपलं आपल्याला जाणवतं. कपालभाती, कुंभक (श्वास रोखून धरणं) मुद्दाम दिलं नाही, म्हणाल्या धाप लागली की तुला परत अटॅकच आल्यासारखं वाटेल. दहाएक दिवसांनी शवासनात पडल्या पडल्या डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. मॅडमनी काहीही विचारलं नाही, नुसती पायांवर चादर टाकली. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी सलग झोपले.

म्हणून योगाने काय होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडते. पण एका शिबिरात मला "गोळ्यांची सवय लागते, बंद कर, योगच पुरेसा आहे" असं सांगितलं गेलं, मी ऐकलं, डॉक्टरांना न विचारता बंद केल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात अंथरुणातून उठता येईना. त्यातून बाहेर यायला अख्खा पावसाळा गेला. याचा राग मला अजून आहे. अहो, स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योग विज्ञानाच्या कसोटीवर तपासायला, एक्स-रे काढून आतड्यांवर काय परिणाम होतो ते बघायचे! आज बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेतही उपचारांच्या जोडीने योग शिकवतात. मग हे डॉक्टर विरुद्ध योग भांडण कुठून आणलं आपण?

आणि ज्याला सगळं संपवावंसं वाटतंय त्याला आधी मॅट नाही, माणूस लागतो. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. सेव्ह करून ठेवा, रूममेटलाही द्या.

मॅडमची बॅच सकाळी साडेसहाला असते, कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. चादर घरूनच आणायची, पहिल्या दिवशी मी येईन सोबत.