आपोआप कोणीच जात नाही

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने जुनीच बातमी फॉरवर्ड केली. अमेरिकेने २०२३ ला २१ प्रजाती संरक्षित यादीतून काढून टाकल्या, कारण त्या आता नामशेष झाल्यात. आणि खाली या शहाण्याची कमेंट, "बरं केलं, मेलेल्यांवर पैसा कशाला घालवायचा, आपल्याकडेपण यादी साफ करा एकदा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं माझं. ग्रुपवर भांडत बसलो तर चवथीला तोंडं बघायची पंचाईत, म्हणून इथे लिहितोय.

त्या २१ मध्ये कोण होतं ते तरी वाचा रे. हवाईचे आठ पक्षी, त्यातला काउआई ओओ १९८७ नंतर कोणी ऐकलाच नाही. जहाजांबरोबर तिकडे डास पोचले, डासांनी पक्ष्यांना मलेरिया दिला, राहिलेलं काम जंगलतोडीने केलं. गुआम बेटावरचा एक चिमुकला पक्षी गेला तो बाहेरून आलेल्या सापाने. नदीतले आठ शिंपले धरणांनी आणि घाण पाण्याने. आता मान्य, यातले बरेचसे यादीत आले तेव्हाच जवळजवळ संपलेले होते आणि तिकडच्या कायद्याने नंतर दुसऱ्या पुष्कळांना वाचवलं पण. ठीक आहे. पण बातमीत एकच वाक्य, नामशेष झाले म्हणून नाव काढलं. आपोआप झाले जसे काही!

या "आपोआप"वरून मला मामा आठवतो. आमचं आजोळ गोव्यात, सत्तरी तालुक्यात. लहानपणी सुट्टीत गेलो आणि गावात ढोर मेलं की ते ओढत नेऊन माळावर टाकायचे, आणि आम्ही पोरं लांबून बघत बसायचो. आधी आभाळात एक ठिपका. मग किती कुठून यायची देव जाणे, उतरताना पंखांचा असा घोंगावता आवाज, मग फिस्कारणं, एकमेकांच्या अंगावर चढणं, अख्खी मान आत घालून ओढणं. वास सहन व्हायचा नाही तरी आम्ही हलायचो नाही. मामी बोंबलायची, जेवायला या म्हणून. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा.

आता त्या माळावर कुत्री असतात. मागच्या खेपेला मामाला विचारलं, गिधाडं कुठे गेली रे? तर म्हणतो, "कोणी मारली नाय बाबा, आपोआप गेली."

आपोआप नाही गेली. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचायचे, ते ढोर मेलं की मांसातून औषध गिधाडांच्या पोटात आणि मूत्रपिंडं निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली, डोळ्यांदेखत. मामाच्या गोठ्यातपण गुरांचा डॉक्टर यायचा, सुई टोचून जायचा, म्हैस दोन दिवस उभी राहिली की सगळे खूश. मामाचा काय दोष, त्याला कोण सांगणार? पण कारण सापडलं म्हणूनच २००६ ला गुरांसाठी ते औषध बंद झालं ना? "गेली बिचारी" म्हणून नाव खोडून मोकळे झाले असते तर शोधलं असतं कोणी?

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे संरक्षित यादीत, गुलाबी डोक्याचं बदक होतं, हिमालयीन लावा हा पक्षी होता, जो १८७६ नंतर कोणाला खात्रीने दिसलेला नाही. चित्ता पण होता, १९५२ ला नामशेष म्हणून जाहीर झालेला. हसा. पण रानपिंगळा, एक छोटं घुबड, १८८४ नंतर गायब होता, सगळ्यांनी गेला म्हणून सोडून दिला, आणि १९९७ ला सापडला तो आपल्या शेजारी महाराष्ट्रात, नंदुरबारकडे. ११३ वर्षं! अमेरिकेतसुद्धा एक मोठा सुतारपक्षी १९४४ नंतर नक्की दिसलेला नाही, तरी लोकांनी हरकती घेतल्या आणि त्याचं नाव काढता काढता राहिलं. नाव राहिलं तर निदान कोणीतरी शोधायला जातं.

हो, मेलेल्याचं नाव रेशनकार्डावर कायम ठेवत नाहीत, कळतं मला. पण तिथेसुद्धा आधी मृत्यूचा दाखला मागतात. इथे तोपण नको?

आणि चिडायचं खरं कारण सांगू? ही सवय आपल्याकडे येऊन पोचलीय. जानेवारी २०२० ला गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विष घालून मारले, वाघीण आणि तिची पिल्लं. ज्याची म्हैस वाघाने नेली त्याचा जीव जळतो, मामाचापण जळेल, भरपाई वेळेवर द्या त्याला, कोण नको म्हणतंय? पण २०२३ च्या जुलैत हायकोर्टाने तीन महिन्यांत तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, तर सरकार धावत सुप्रीम कोर्टात. आणि पुढारी काय सांगतात, गोव्यात वाघ कायमचे नसतातच, कर्नाटकातून येतात नि जातात. जिवंत जनावर कॅमेऱ्यात दिसतंय आणि याद्या साफ करायची घाई आत्तापासून. पाहुणे म्हणे! पाहुणी वाघीण काय पिल्लं वाढवत बसते होय, की गोळावलीचे ते चारसुद्धा आपोआपच मेले?