घर बांधताना पाण्याचा हिशेब ठेवा

स्वतःचं घर बांधायला काढलेला माणूस सिमेंट कोणतं घ्यायचं, सळई किती एमएमची आणि टाइल्स कोणत्या रंगाच्या, यावर महिनोन्महिने खल करतो. साइटवर पाणी किती आणि कधी पडतंय, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढे घरात ज्या तक्रारी निघतात त्यांची यादी काढून बघा: ओल, गळती, गंजलेली सळई, सुटलेलं प्लास्टर, खचलेली फरशी. जवळपास प्रत्येकीच्या मुळाशी पाणी सापडतं. आणि साइटवर पाण्याची रीतच उलटी असते. माल कालवताना हात सढळ, स्लॅब पडल्यावर पाणी मारायची वेळ आली की तोच हात आखडता.

आधी मालाबद्दल. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. ५० किलोच्या एका गोणीला त्या क्रियेसाठी साधारण २० लिटर पाणी पुरतं. माल नीट पसरावा म्हणून थोडं जास्त लागतं, म्हणून घरगुती कामात गोणीमागे २२ ते २५ लिटर ही मर्यादा धरा. त्यावर ओतलेलं पाणी क्रियेत भाग घेत नाही. ते नंतर उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक नळ्या, पोकळ्या सोडून जातं. ताकद घटते ती यामुळे, आणि पुढे पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं तेही याच वाटेने. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडलं. शंभर वर्षं उलटली तरी मिक्सरजवळचा पाइप अजून अंदाजानेच चालतो.

पाइप बंद करा आणि मोजलेली बादली ठेवा. एवढ्या एका गोष्टीसाठी मुकादमाशी वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या.

यात एक मेख आहे. वाळू ओली असते. एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) असा माल कालवला, तर एका गोणीला (गोणीचं घनफळ ३५ लिटर) सुमारे ५२ लिटर वाळू पडते, म्हणजे ढोबळ ८० किलो. त्यात ५ टक्के ओलावा असेल तर ४ लिटर पाणी वाळूतूनच आलं. मग वरून २५ नाही, २१ लिटरच घालायचं. शिवाय ओली वाळू फुगते. वाळू मोजायचा फर्मा (खोका) भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते, कधी पाव हिस्सा कमी. तपासायचं असेल तर सरळ बाजूंच्या बरणीत ओली वाळू न दाबता भरा, उंची मोजा, मग वाळू पूर्ण बुडेल एवढं पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. २०० मिमीची वाळू १६० वर बसली, तर फर्म्यामागे पाव हिस्सा वाळू वाढवायला हवी.

"माल कडक आहे, सरकत नाही," ही तक्रार खरी असते. कामगार उगीच बोलत नाही. पण तिचा इलाज पाणी नव्हे. प्रवाहीपणा वाढवणारं अॅडमिक्श्चर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि मालातली हवा काढणारा व्हायब्रेटर चालू हवा. स्लॅब टाकायच्या दिवशी दोन व्हायब्रेटर ठेवा, एक हमखास बंद पडतो. त्याची सुई मालात उभी घालायची, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची आणि सावकाश वर काढायची. ती आडवी टाकून माल ढकलायला वापरली की खडी एकीकडे जाते आणि सिमेंटचं पाणी दुसरीकडे. कॉलममध्ये माल दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडला तरी तेच होतं, आणि साच्याच्या पाट्या काढल्यावर तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. तिथे लगेच सिमेंट फासून लपवू देऊ नका. आधी इंजिनिअरला दाखवा, मगच दुरुस्ती. रेडीमिक्सची गाडी आली तर चलनावरची माल भरल्याची वेळ वाचा, आणि ड्रमात पाणी सोडू देऊ नका. गाडी उशिरा आल्याचं पाप त्या पाण्याने झाकलं जातं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. पिण्यासारखं असेल तर बिनधास्त वापरा. खारट बोअरचं असेल तर आधी तपासून घ्या. आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. क्लोराइड सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते.

म्हणूनच कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. स्लॅबला २० मिमी, बीमला २५ ते ३०, कॉलमला ४०, फुटिंगला (पायाच्या तळाच्या काँक्रीटला) ५०. सळईखाली फरशीचे तुकडे किंवा खडीचा दगड सरकवलेला दिसला की काम थांबवा. त्याच प्रतीच्या सिमेंटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून, पाण्यात ठेवून तयार हवेत. बाल्कनी आणि छज्जा यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, हेही इथेच सांगतो, कारण माल टाकताना तिच्यावरून चालून चालून ती तळाला जाते. खाली चेअर, म्हणजे सळई वर धरणारे आधार, लावा आणि चालायला फळ्या टाका.

आता उलटी बाजू. माल पडून घट्ट झाला की पाणी हवंच हवं. ऊन आणि वारा असेल तर पहिल्या काही तासांतच वरचा थर सुकून केसांसारख्या भेगा पडतात, म्हणून फिनिशिंग होताच प्लास्टिक किंवा ओलं गोणपाट अंथरा. दुसऱ्या दिवशी मालाची आळी करून ५० मिमी पाणी साठवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसीला किमान १०. मी म्हणेन १४ धरून चाला. दिवसातून तीनदा पाइपने पाणी मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. मधल्या वेळात स्लॅब सुकतो आणि क्रिया मंदावते. सगळ्यात उपेक्षित असतात ते कॉलम. उभ्या कॉलमवर पाणी थांबत नाही, म्हणून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा आणि ते सतत ओलं ठेवा. घराचं वजन कॉलमवर, आणि पाणी मात्र सगळं स्लॅबवर, हे रोजचं चित्र आहे.

टेकू काढायची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४. बीमखाली सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे साध्या सिमेंटचे दिवस झाले. पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, थंडीत तर आणखी सावकाश, म्हणून इंजिनिअरने "काढा" म्हटल्याशिवाय हात लावू देऊ नका. माल टाकतानाच ताकद तपासायला १५० मिमीचे सहा क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरून ठेवा: तीन ७ दिवसांना, तीन २८ दिवसांना फोडायला. आणि क्यूब भरायचे ते प्रत्यक्ष स्लॅबवर पडणाऱ्या मालातून. खास कालवलेल्या मालाचे क्यूब छान पास होतात, पण ते स्लॅबबद्दल काही सांगत नाहीत.

पाया आणि जोत्याचं थोडक्यात. खड्ड्यात पाणी साचलं तर नुसतं उपसून भागत नाही. तळाचा मऊ झालेला चिखल खरवडून काढा, मगच पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर). जोत्यातला भराव १५० ते २०० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसने ठोकत भरा. एकदम मीटरभर माती ओतून वर पाणी सोडलं तर ती दोन-तीन वर्षं बसत राहते आणि वरची फरशी पोकळ वाजते. जोत्यावर ओल अडवणारा ४० ते ५० मिमीचा काँक्रीटचा थर अखंड हवा. दाराखाली तो तोडायची खोड असते. तो चुकला की भिंतीला खालून लोणा लागतो, आणि मग वरून कितीही महागडा रंग लावा.

बाथरूमवर मात्र वेळ घालवा. बहुतेक गळती फरशीतून होत नाही. पाइप स्लॅबमधून जातो त्या भोकाभोवती आणि भिंतीच्या कोपऱ्यात होते. भोकं आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरा, कोपऱ्यांना गोलाई द्या, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे मारा आणि ते भिंतीवर किमान ३०० मिमी वर न्या. शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत. नंतर ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालून छत बघा. ही चाचणी टाइल्सच्या आधी. टाइल्सनंतर केलेली चाचणी म्हणजे गळती सापडल्यावर काय काय फोडावं लागेल याची यादी. फरशीला मीटरमागे १२ ते १५ मिमी उतार ट्रॅपकडे, आणि बाथरूमची पातळी खोलीपेक्षा १५ ते २० मिमी खाली. बाथरूमचा स्लॅब बुडीत, म्हणजे खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली टाकलेला असेल तर त्याच्या तळातूनही पाणी बाहेर काढणारा छोटा पाइप ठेवा. वरचा थर कधीतरी गळणारच, आणि वाट नसेल तर पाणी वर्षानुवर्षं आत साठून राहतं.

भिंतीतली पाइपलाइन प्लास्टरच्या आधी हातपंपाने तपासा. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही तास काटा बघा. तो उतरला तर एखादा जोड गळतोय. सांडपाण्याच्या ११० मिमी पाइपला मीटरमागे १२ मिमीच्या आसपास, ७५ मिमीला २० मिमी उतार. सगळं झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असे.

गच्चीला मीटरमागे किमान १० मिमी उतार हवा, आणि तो कागदावर नको, पाणी ओतून बघा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. एकच पाइप असेल आणि त्यात पानं अडकली तर हे सगळं पाणी गच्चीवरच उभं राहतं. पाइप दोन हवेत, आणि पॅरापेटमध्ये दाराच्या उंबऱ्यापेक्षा खालच्या पातळीवर एक मोकळं भोक. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटाएवढी खाच ठेवली की पाणी तिथेच गळून पडतं, मागे भिंतीकडे जात नाही. खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार आणि खालून तशीच खाच. गवंड्याला हे आधी सांगावं लागतं, कारण दगड एकदा बसला की खाच पाडायला कटर घेऊन बाहेरून लटकावं लागतं.