'मुलींचं कॉलेज पूर्ण फुकट' या मेसेजबद्दल

सातपूर, सिडकोपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आता सर्व मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी, होस्टेलसकट मोफत. फॉर्म भरायची गरज नाही." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घोळ होतो.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काढून वाचला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत (डीम्ड) किंवा खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. घरात पहिलीच मुलगी कॉलेजला निघाली असेल तर हा फरक सांगणारं कुणी नसतं, आणि सीट घेऊन झाल्यावर कळून उपयोग नाही.

होस्टेल आणि मेस यात नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार, स्वयं अशा वेगळ्या योजना आहेत, त्यांच्या अटीही वेगळ्या.

आणि फॉर्म भरावाच लागतो: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, दरवर्षी. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. सेतूवर ऐन प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते, आधीच काढून ठेवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.