आवड आहे म्हणता, शी काढलीय का कधी?

बारावीचा निकाल लागला की दवाखान्यात दोन-चार पालक हमखास येतात. "डॉक्टर, हिला प्राण्यांची भयंकर आवड! व्हेटर्नरीला घालावं म्हणतोय." मी विचारतो, कुत्र्याची शी काढलीय का कधी? आई हसते. मुलीला मात्र प्रश्न कळलेला असतो.

अमेरिकेत व्हेटर्नरीच्या अर्जात प्राण्यांसोबत किती तास काम केलं ते लिहावं लागतं. आपल्याकडे नीटचे मार्क बोलतात. ते भरपूर पडले की गाईच्या अंगाला बोटही न लावता परळच्या कॉलेजात पोचता येतं. १८८६ सालचं कॉलेज, शेजारी बैलघोडा हॉस्पिटल. मीही असाच पोचलो होतो, म्हणून तर बोलतोय. पुढे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आपल्याला हे झेपणार नाही, हे तिसऱ्या वर्षी कळलेले दोघे माझ्याच बॅचला होते.

गेल्या वर्षी अकरावीतली एक मुलगी दर रविवारी यायची. आधी रेबीजचे तीन डोस, ०, ७ आणि २१व्या दिवशी. त्याशिवाय मी कुणालाही टेबलाजवळ उभं करत नाही. तोवर झाडू, फिनेल आणि केसपेपर. तेवढ्यातही पोरगी शिकत होती. एक काका सांगत होते, "कालपासून काहीच खात नाही हो." ही केसपेपर लिहिता लिहिता म्हणाली, "काका, परवा मटणाची हाडं दिली होती का?" दिली होती.

मग एका रविवारी सोसायटीचा वॉचमन रस्त्यावरचं कुत्रं घेऊन आला. कानामागे जखम, आत किडे वळवळतायत. पावसाळ्यात मुंबईत अशा केसेस रोजच्या. वास असा की मीसुद्धा खिडकी उघडली. पट्टीने कुत्र्याचं तोंड बांधलं आणि तिला डोकं धरायला सांगितलं. तारपीन सोडलं की किडे वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायचे. तिने मान फिरवली, चेहरा पांढराफटक, पण हात सैल सोडले नाहीत. काम झाल्यावर गेटपाशी जाऊन ओकली. तोंड धुऊन परत आली आणि म्हणाली, "सर, आतले सगळे निघाले ना?"

तिच्या क्लासच्या सरांचं म्हणणं, रविवारची टेस्ट बुडवून कुत्री काय धरतेस!

आणखी एक. मुंबईच्या मुलांना व्हेट म्हणजे लॅब्राडोर आणि पर्शियन मांजर एवढंच दिसतं. अभ्यासक्रमात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी सगळं आहे, आणि म्हैस लोकलने जाण्याइतकी जवळ आहे. आरे कॉलनीत १९४९ पासून तबेले आहेत. ओळख काढून, परवानगी घेऊन जा. त्या मुलीला मी नेलं होतं. म्हशीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून उभं राहायला सांगितलं. निरोगी जनावराचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं. पहिल्या ढकलीला ती दचकून मागे सरली, तबेल्यातले भैया खो खो हसले. दुसऱ्या वेळी तिने घड्याळ लावलं.

तिने फॉर्म भरला की नाही, ते तिचं ती बघेल.

यंदा कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी आठला. आईवडिलांची चिठ्ठी हवी. आणि पांढरे बूट घालून येऊ नका.