बत्तीरच्या गडग्यांवरून एका फॉरवर्डला उत्तर

शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. या खेपेला शेवटी हात जोडलेले दोन इमोजी जास्त होते, बाकी मजकूर जसाच्या तसा. थोडक्यात सांगायचं तर असा: पॅलेस्टाईन म्हणजे कायमच ओसाड वाळवंट, अमेरिकन लेखक मार्क ट्वेननं ते स्वतः पाहून लिहिलंय. ऑलिव्ह हे रानटी झाड, आपोआप उगवतं, त्यात गावकऱ्यांचं कर्तृत्व शून्य. हल्ली ते झाडं लावतात ती निव्वळ जमीन बळकावायला. त्या गावांना इतिहास नाही. आणि बेथलेहेमचं चर्च सोडलं तर तिथं बघण्यासारखं काही नाही.

दोनदा मी गप्प बसलो. पण २०१९ च्या ऑक्टोबरात मी बेथलेहेमच्या पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर असलेल्या बत्तीर या डोंगरातल्या गावी तीन दिवस राहून आलोय. वस्ती साधारण साडेचार हजारांची. तिथलं तेल खाल्लंय, तेव्हा गप्प बसणं बरं दिसत नाही. अख्खा इस्रायल-पॅलेस्टाईन तंटा इथं सोडवायला घेत नाही. फॉरवर्डमधली वाक्यं तेवढी तपासतो.

‘मार्क ट्वेननं ओसाड वाळवंट पाहिलं’

ट्वेन तिथं गेला होता हे खरं, आणि झाडझाडोरा दिसत नाही असं त्यानं लिहिलं हेही खरं. पण गेला कधी? १८६७ च्या सप्टेंबरात. त्या मुलखात पाऊस ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत आटोपतो. म्हणजे सप्टेंबर हा तिथला आपला मे महिना. मे महिन्यात माण-खटावमधून घोड्यावरून जाणाऱ्या एखाद्या साहेबानं ‘महाराष्ट्रात गवताची काडी उगवत नाही’ असं लिहिलं असतं, तर आपण त्याला ज्वारीच्या हंगामात या म्हटलं असतं. शिवाय हे गृहस्थ अमेरिकेतल्या वर्तमानपत्राला विनोदी प्रवासपत्रं पाठवत होते, शेतीचं सर्वेक्षण करत नव्हते.

गंमत म्हणजे त्याच प्रवासवर्णनात नाब्लुसच्या खोऱ्यातली काळी सुपीक जमीन आणि उत्तम लागवड आहे, याफा शहराला वेढणारी संत्र्यांची बागही आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ती पानं उलटलेली नाहीत.

‘वाळवंट’ या शब्दाबद्दलही थोडं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा भूगोल दोन मिनिटांत कळेल. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग डोंगरांच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि पलीकडची बाजू पर्जन्यछायेत जाते. जेरुसलेमला वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे लंडनच्या जवळपास. तिथून खाली मृत समुद्राकडं उतरलं की जेरिकोला १५० च्या आसपास. वाळवंट आहे, पण डोंगराच्या त्या अंगाला. बत्तीर या अंगाला आहे.

‘ऑलिव्ह आपोआप उगवतं’

हा दावा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. रान-ऑलिव्ह असतंच, नाही कोण म्हणतं? त्याला बारकी, गराचा पत्ता नसलेली फळं लागतात. तेलाचं झाड कलमानं किंवा फांदी लावून करावं लागतं. बी पेरून मूळ जात हाती लागत नाही. हापूसची कोय पुरून हापूस येईल अशी आशा कोकणात कोणी करत नाही, तसंच. लावल्यावरही पाच-सात वर्षं वाट बघायची. मग एक वर्ष झाड लगडतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतं. तिथल्या बोलीत बहराच्या आणि ओसाच्या वर्षाला वेगवेगळी नावं आहेत, आणि चहा पिताना कोणीही तुम्हाला ‘यंदाचं वर्ष कुठलं’ ते आधी सांगतो.

पण झाडाच्या आधी जमीन. हे डोंगर चुनखडीचे, उताराचे. माती टिकायची तर पायऱ्या हव्यात आणि पायऱ्यांना दगडी बांध हवेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला ‘गडगा’ म्हटलं की पुरे. तिकडं ‘सन्सला’ म्हणतात, अनेकवचनी ‘सनासिल’. दर पावसाळ्यानंतर कुठं तरी पोट सुटतं, ते पुन्हा रचावं लागतं. मी राहत होतो त्या घरातले आजोबा सकाळी निघताना कुदळ घेत नसत, मोकळ्या हातांनी जात. मला वाटलं फिरायला निघाले. ते पडके दगड परत बसवायला जात होते. एक पिढी गडगे लावायची थांबली की दुसऱ्या पिढीला डोंगर उघडा मिळतो. ‘आपोआप’ यात नेमकं काय आहे?

पावसावरच्या या शेतीला अरबीत ‘बआली’ म्हणतात. बआल हा कनानी लोकांचा, म्हणजे त्या मुलखातल्या प्राचीन रहिवाशांचा, पावसाचा देव. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म येण्याच्या कितीतरी आधीचा हा देव शेतकऱ्याच्या तोंडात अजून आहे, आपल्याकडं खंडोबा-म्हसोबा शेताच्या बांधावर असावेत तसा.

बत्तीरची आणखी एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. गावात झरे आहेत आणि झऱ्याचं पाणी एका जुन्या टाक्यात साठवतात. ते आठ कुळांत वाटलेलं. प्रत्येक कुळाला एक दिवस, त्यामुळं बत्तीरचा पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा! टाक्यातल्या पाण्याची उंची काठीनं मोजायची, त्या मापानं हिस्से पाडायचे आणि पाटानं खालच्या पायऱ्यांवर सोडायचं. पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाळीची ही शिस्त काय असते ते सांगायला नको. वरच्या कोरड्या पायऱ्यांवर ऑलिव्ह आणि द्राक्षं, खालच्या ओल्या पायऱ्यांवर भाजीपाला. त्यात बत्तिरी वांगं, ज्याचं नाव बेथलेहेमच्या बाजारात गावाच्या नावासकट घेतात.

२०१४ मध्ये युनेस्कोनं या पायऱ्यांचा साधारण ३५० हेक्टरचा पट्टा जागतिक वारसा म्हणून नोंदवला, आणि त्याच दमात धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातला. रानटी झाडांना हा मान मिळत नाही.

तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पहिल्या पावसानं फळांवरची धूळ धुतली जाण्याची वाट बघतात. खाली ताडपत्री, वर शिडी, फांद्यांतून हातानं ओरबाडत फळं खाली पाडायची, आणि पोती लवकरात लवकर घाण्यावर. फळ पोत्यात राहिलं तर तेलाला आंबूस वास धरतो. मग पेंड, तिला ‘जिफ्त’ म्हणतात, ती चुलीत जाते. वाया काही जात नाही. तेल काढणं हे किती चिवट काम आहे हे मराठी माणसाला तरी सांगायला नको होतं. अलिबागेकडच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं जुनं नावच ‘शनिवार तेली’: घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. त्यांचीच मराठी बोलणारी नातवंडं-पतवंडं आज इस्रायलमध्ये दिमोनात, अश्दोदमध्ये, लोदला आहेत. त्यांच्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तेल आपोआप येतं का.

‘झाडं लावतात ती जमीन बळकावायला’

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त फसवं. झाडाचा आणि मालकीचा संबंध आहेच. तिथं पूर्वी ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. त्यांच्या १८५८ च्या जमीन कायद्यानुसार विशिष्ट प्रकारची जमीन दहा वर्षं सलग कसली की कसणाऱ्याचा हक्क पक्का होतो, आणि तीन वर्षं पडीक ठेवली की तो जाऊ शकतो. हा कायदा इतिहासजमा झालेला नाही. १९७९ नंतर पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातला तो पॅलेस्टिनी भाग ज्यात बत्तीर येतं) इस्रायलनं याच तरतुदींचा आधार घेऊन मोठमोठे पट्टे सरकारी जमीन म्हणून जाहीर केले. जिथं सातबारा हाताशी नाही तिथं झाड हीच पीकपाहणी. मग शेतकरी आजोबाच्या जमिनीवर झाड लावेल नाही तर काय करेल? जमीन बळकावायला नव्हे, जाऊ नये म्हणून लावतो. पश्चिम किनाऱ्यावर जवळपास निम्मी लागवड ऑलिव्हची आहे. ८० हजार ते १ लाख कुटुंबांच्या मिळकतीत तिचा वाटा आहे असं संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगतात. आणि दर तोडणीच्या हंगामात तिथं वसलेल्या इस्रायली वसाहतवाल्यांनी झाडं तोडल्याच्या, शेतकऱ्यांना मारहाण केल्याच्या नोंदी त्याच अहवालांत असतात. फॉरवर्डमध्ये त्या नव्हत्या.

‘गावांना इतिहास नाही’

बत्तीर हे नाव प्राचीन बेतार या नावावरून आलं. इसवी सन १३५ मध्ये रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडाचा शेवट इथंच झाला, बंडाचा म्होरक्या बार कोखबा इथंच पडला. गावाच्या वर त्या गढीचे अवशेष आहेत. गावकरी त्या टेकाडाला काय म्हणतात? ‘खिर्बेत अल-यहूद’. यहुद्यांचं पडकं. इतिहास पुसायचा असता तर हे नाव पिढ्यान्‌पिढ्या कोणी जपलं नसतं.

पुढचं भराभर सांगतो. दहाव्या शतकात जेरुसलेमचा भूगोलकार अल-मुकद्दसी पॅलेस्टाईनहून बाहेर जाणाऱ्या मालात तेल, सुकी अंजिरं, मनुका आणि साबण मोजतो. नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण आजही बनतो. १८९२ मध्ये याफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाली, तिचं एक स्टेशन बत्तीर.

त्या रुळांनीच पुढं गाव कापलं. १९४९ ची युद्धबंदी रेषा रुळांच्या कडेनं आखली गेली आणि गावाची बरीच शेती पलीकडं, इस्रायलकडं गेली. त्याआधी १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात बहुतेक लोक पळाले होते. हसन मुस्तफा या गावच्याच माणसानं उरलेल्या मूठभरांना धरून रिकाम्या घरांत रात्री दिवे लावले, दोऱ्यांवर कपडे वाळत घातले, गाव भरलेलं वाटावं म्हणून. गावात ही गोष्ट अशीच सांगतात. पण त्यानंतरचा इस्रायलशी झालेला समझोता कागदोपत्री आहे: गावकऱ्यांनी रुळांना धक्का लावायचा नाही, आणि इस्रायलनं त्यांना रुळांपलीकडची शेती कसू द्यायची. तो टिकला. मी असताना खालून गाडी गेली तेव्हा पायरीवरच्या बाईनं मान वर करूनही पाहिलं नाही.

पुढं इथून इस्रायलची विभाजक भिंत (पॅलेस्टिनी भाग वेगळा तोडणारी) न्यायचं ठरलं, तेव्हा २०१२ मध्ये खुद्द इस्रायलच्या निसर्ग आणि उद्यान प्राधिकरणानं कोर्टात सांगितलं की भिंतीनं या पायऱ्यांची न भरून येणारी हानी होईल. २०१५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात ती योजना अडली. इतिहास नसलेल्या गावासाठी सरकारचंच एक खातं सरकारविरुद्ध उभं राहत नाही.

एक टोचणी आपल्याच बाजूला. शेजारच्या अल-वलाजा गावातलं ऑलिव्हचं थोरलं झाड ‘पाच हजार वर्षांचं’ म्हणून उलट दिशेचे फॉरवर्डही फिरतात. जुन्या ऑलिव्हचं खोड आतून पोकळ होतं, गाभाच उरत नाही, मग कडी मोजणार कुठून? झाड अफाट जुनं आहे, एवढं पुरे.

‘बघण्यासारखं काही नाही’

यावर वाद घालत नाही. ज्याला गडगा बघून काही होत नाही त्यानं जाऊ नये. बाकी व्यवहाराचं: आत जायला इस्रायलचा व्हिसा लागतो, कारण पश्चिम किनाऱ्याची प्रत्येक वेस त्यांच्या ताब्यात आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर नाके वाढलेत, हंगाम धास्तीचा झालाय. आत्ता जा असं मी कोणाला सांगणार नाही. पण जाता येत नाही आणि बघण्यासारखं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. फॉरवर्ड पाठवणारा दोन दिवस गप्प होता. मग एवढंच विचारलं, “ते वांगं कसं लागतं रे?”

लांबट असतं, गोडसर, बिया नावाला. भरलेलं खाल्लं. आत दाण्याचं कूट नाही, तांदूळ आणि खिमा. वरून नवं तेल, हात आखडता न घेता.